बिबळ्याचा पेला, नरक्याचे लाकूड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयुर्वेदिक दुकानांत आणि प्रदर्शनांच्या स्टॉलवर बिबळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या, लाकडाचा पेला विकायला असतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे, सकाळी तांबूस झालेले पाणी उपाशीपोटी प्यायचे, साखर उतरते, असे विक्रेता सांगतो. तिकडे सह्याद्रीत नरक्याचे झाड ‘कॅन्सरचे औषध’ म्हणून चोरून तोडले जाते. दोन्ही समजुतींच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे: या झाडांत शरीरावर परिणाम करणारी द्रव्ये खरोखरच सापडली आहेत. घोळ होतो तो त्यापुढे. लाकडात द्रव्य असणे, ते वेगळे काढणे, त्याची ओळख पटवणे, त्याची मात्रा ठरवणे आणि त्याने रोग्याला गुण येणे, या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. अफवा पहिलीवरून थेट पाचवीवर उडी घेते.

लाकूड म्हणजे झाडाचा निर्जीव सांगाडा. औषधी काही असेल तर ते पानाफुलांत आणि मुळांत.

असे वाटणे साहजिक आहे. पान हिरवे असते, फुलाला वास असतो, ओंडका मात्र कोरडा. खोडातल्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात हेही खरे. वाळलेल्या लाकडाचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग सेल्युलोजचा, उरलेला बहुतांश हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा. पण याशिवाय एक लहानसा भाग असतो, बहुधा काही टक्केच, जो पाणी किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकाने धुऊन काढता येतो. रंग, राळ, टॅनिन, सुगंधी तेले ही सगळी या भागात. खोड जाड होत जाते तशा आतल्या उरल्यासुरल्या जिवंत पेशी मरतात. मरण्याआधी त्या साठवलेला स्टार्च वापरून ही द्रव्ये तयार करतात आणि तो भाग गडद होतो. हाच लाकडाचा गाभा. बुरशी आणि कीड यांच्याविरुद्ध झाडाने केलेला हा बंदोबस्त असतो. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, याचे एक कारण त्यातले टेक्टोक्विनोन हे द्रव्य. सुतार सागाचे बाहेरचे पांढरट लाकूड टाळतो ते याच अनुभवाने. थोडक्यात, लाकडात शोधण्यासारखे पुष्कळ आहे.

झाड औषधी, म्हणजे त्याचे सगळे लाकूड औषधी.

झाडाला एकच नाव असते, म्हणून गुणही एकच असावा असे वाटते. प्रत्यक्षात एकाच खोडात बोटभर अंतरावर रसायन बदलते. चंदनाचे तेल गाभ्यात असते. त्याभोवतीचे पांढरे लाकूड जवळजवळ बिनवासाचे, आणि कोवळ्या झाडात गाभाच नीट तयार झालेला नसतो. याहून ठळक उदाहरण युरोपातल्या स्प्रूस वृक्षाचे. त्याच्या फांदीचा बुंधा खोडात रुतून जी गाठ तयार होते, कागद कारखान्यांना तिचा उपद्रवच वाटतो. फिनलंडमधील तुर्कू येथे ऑबो अकादमीत बियार्ने होल्मबोम यांच्या गटाने या गाठी तपासल्या. त्यांत वजनाच्या सुमारे ६ ते २४ टक्के लिग्नॅन नावाची द्रव्ये निघाली. त्याच झाडाच्या साध्या खोडात ती नाममात्र असतात. पॅसिफिक यू या वृक्षातले टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध मिळाले ते सालीतून. म्हणूनच प्रयोगशाळेत नमुना आला की आधी नोंद होते ती जातीची, झाडाच्या वयाची, भागाची आणि तोडीच्या हंगामाची. ही नोंद नसलेली ‘औषधी लाकडाची भुकटी’ कशाची आहे, हे तिच्या विक्रेत्यालाही सांगता येत नाही.

पाण्यात रंग उतरला, म्हणजे औषध उतरले.

बिबळ्याच्या पेल्याची सारी पत या समजावर उभी आहे. चहाची पाने पाण्यात टाकली की रंग आणि कडूपणा बरोबरच उतरतात, मग इथेही तसेच होत असणार, असे मन सांगते. त्यातून हे पाणी उन्हात धरले की त्याच्या कडेला निळसर झाक चमकते. डोळ्यांना दिसणारा असा पुरावा नाकारणे अवघड.

ही झाक चारशे वर्षांहून जुन्या कुतूहलाचा विषय आहे. सोळाव्या शतकात स्पेनचा वैद्य निकोलास मोनार्देस याने मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाचे वर्णन केले. त्याचे पाणी निळे चमके आणि ते मूत्रपिंडाच्या विकारांवर दिले जाई. त्या लाकडाचे पेलेही युरोपातल्या श्रीमंतांकडे पोचले. १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइलने त्या पाण्यात आम्ल घातले, तेव्हा निळी झाक गेली. मग अल्कली घातली आणि ती परत आली. झाकेचे नेमके कारण समजायला मात्र २००९ साल उजाडले. लाकडातले मूळ द्रव्य स्वतः चमकतच नाही. ते पाण्यात उतरून किंचित अल्कधर्मी स्थितीत हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि मॅटलालिन नावाचे नवे द्रव्य बनते. चमक त्याची. म्हणजे डोळ्यांना जे दिसत होते ते लाकडात मुळात नव्हतेच, आणि मूत्रपिंडाशी त्याचा संबंध कोणी दाखवलेला नव्हता.

बिबळ्याच्या पाण्याबद्दलही हाच विचार करायला हवा. त्याच्या गाभ्यातले सर्वांत नावाजलेले द्रव्य म्हणजे टेरोस्टिल्बीन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते काढायला सेंद्रिय द्रावक लागतो. टेरोस्टिल्बीनवरचे प्रयोग दाखवून पेला विकणारा, पेल्यातल्या पाण्यात जे फारसे उतरतच नाही त्याचे गुण सांगत असतो. पाण्यात उतरणारी इतर द्रव्ये आहेत, पण ती किती उतरतात हे पेल्याच्या वयावर, पाण्याच्या क्षारांवर आणि रात्रीच्या तापमानावर ठरते. नव्या पेल्याचे पाणी आणि दोन महिने वापरलेल्या पेल्याचे पाणी, या दोन वेगळ्या मात्रा आहेत. रंग हे माप नव्हे.

बिबळ्याने मधुमेह जातो, हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केले आहे.

या वाक्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते टिकून राहते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिबळ्यातल्या एपिकॅटेचिनने उंदरांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी पुन्हा वाढतात, असा दावा प्रसिद्ध झाला. त्यावर जगभर चर्चा झाली, पण इतर प्रयोगशाळांना तोच परिणाम मिळाला नाही. शिवाय ते एपिकॅटेचिन काढले होते सालीतून. पेला घडवतात गाभ्यातून.

दुसरा आधार अधिक भक्कम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्याने निदान झालेल्या मधुमेहींवर विजयसाराची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आली. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण ती चाचणी खुली होती, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही औषध माहीत होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. नुकतेच निदान झालेला माणूस त्याच दिवसांत गोड सोडतो, चालायला लागतो. त्याचा वाटा किती, हे अशा चाचणीतून कळत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे रुग्णांना दिला गेला तो मोजलेला अर्क, बहुतेकांना दिवसाला २ ग्रॅम, काहींना ३ किंवा ४. त्या निकालाचे श्रेय पेल्यातल्या न मोजलेल्या पाण्याला देता येत नाही. पाण्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे धोक्याचे आहे. साखर वाढत असताना बराच काळ काहीही जाणवत नाही.

अर्क काढला, की द्रव्य हाती आले.

अर्काच्या बाटलीवर झाडाचे नाव असते, म्हणून आत एकच वस्तू आहे असे वाटते. खरे तर अर्क ही सुरुवात असते. त्यात शेकडो द्रव्ये एकत्र असतात. ती वेगळी करायची म्हणजे त्यांच्या स्वभावातला फरक शोधायचा. कोकणातल्या काताच्या भट्टीवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. खैराच्या गाभ्याचे कपटे उकळायचे, काढा आटवायचा आणि थंड होऊ द्यायचा. कॅटेचिन गरम पाण्यात विरघळते, थंड पाण्यात फारच कमी, म्हणून ते स्फटिकांच्या रूपाने खाली बसते. तोच पानात पडणारा कात. वर उरलेल्या पाण्यात टॅनिन राहते. ते आटवून निघणारा काळा पदार्थ कातडी कमवायला आणि मासेमारीची जाळी टिकाऊ करायला वापरला गेला. एकाच काढ्यातून दोन पदार्थ, केवळ विरघळण्यातल्या फरकावर.

औषधाच्या शोधात हेच काम अनेक पायऱ्यांनी होते. या कामात जगाने ज्यांचे नाव घेतले त्यांतले एक, डॉ. मनसुख वाणी, नंदुरबारचे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी चीनमधल्या कॅम्प्टोथेका या वृक्षाच्या लाकडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. १९६६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पद्धत अशी: अर्क एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांमध्ये हलवायचा, काही द्रव्ये एकात जातात, काही दुसऱ्यात. प्रत्येक वाटा ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासायचा. ज्या वाट्याने उंदीर जास्त जगतात तो ठेवायचा, बाकीचे बाजूला, आणि ठेवलेल्याची पुन्हा विभागणी. वास, रंग किंवा कीर्ती यांपैकी कशालाच इथे मत नसते. शेवटी जे हाती लागले ते चमत्कारिक होते: अल्कलॉइड असूनही ते आम्लाबरोबर नेहमीसारखे क्षार बनवत नव्हते. अल्कलॉइड आम्लात ओढून घेण्याच्या पाठ्यपुस्तकी रीतीवर विसंबले असते तर ते निसटले असते. प्रत्येक वाटा तपासला म्हणून सापडले.

यंत्रात घातले की द्रव्याचे नाव कळते.

अहवालावर छापलेली नावांची यादी पाहिली की शंका उरत नाही. ही यादी येते कुठून, हे पाहिले तर शंका घ्यायला जागा दिसते. यंत्र द्रव्यांना नळीतून पुढे ढकलते, प्रत्येक किती वेळात बाहेर पडते ते पाहते, रेणू फोडून तुकड्यांचे वजन घेते आणि साठवलेल्या नोंदींशी जुळवते. संग्रहात नसलेल्या रेणूलाही जवळातले जवळचे नाव मिळू शकते. चंदनाच्या तेलातले अल्फा आणि बीटा सँटालॉल यांचे रेणुसूत्र एकच आहे आणि वजनही एकच. फरक आहे तो अणूंच्या रचनेत. शुद्ध नमुना शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय कोणते किती, हे ठामपणे सांगता येत नाही. आणि ते सांगावेच लागते, कारण आंतरराष्ट्रीय मानकात चंदन तेलासाठी अल्फा ४१ ते ५५ टक्के आणि बीटा १६ ते २४ टक्के अशी मर्यादा आहे. भेसळ इथेच पकडली जाते.

रेणू आधी कोणी पाहिलेलाच नसेल तर काम आणखी अवघड. कॅम्प्टोथेसिनची रचना ठरवताना त्याला आयोडीनचा जड अणू असलेला गट जोडला, स्फटिक तयार केले आणि क्ष-किरणांनी अणूंच्या जागा शोधल्या. आज हे द्रव्य पातळ थराच्या पट्टीवर चढवून जंबुपार दिव्याखाली धरले की निळा ठिपका लख्ख दिसतो. जाणकार रसायनशास्त्रज्ञ त्या ठिपक्याला ‘इथे बघा’ एवढाच अर्थ देतो. निळे चमकणारे रेणू अनेक असतात.

झाडातून आलेले औषध अपाय करत नाही.

तुळस, हळद, आवळा यांच्या रोजच्या वापरातून हा विश्वास आला आहे आणि त्या पदार्थांपुरता तो बराचसा रास्त आहे. लाकडातली द्रव्ये मात्र झाडाने कीड आणि बुरशी मारण्यासाठी तयार केलेली असतात. कॅम्प्टोथेसिन विभागणाऱ्या पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला अडवते. १९८५ मध्ये हे कळले. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागतात म्हणून त्या मरतात, पण अस्थिमज्जेच्या आणि आतड्याच्या निरोगी पेशीही वेगानेच विभागतात. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला गेला. त्यात रेणूतले एक कडे उघडले, परिणाम घटला आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. नरक्यातही हेच द्रव्य आहे, वाळलेल्या लाकडात साधारण हजारात एक भाग. त्याची भुकटी किंवा काढा घेणे म्हणजे मात्रा न मोजता विषाशी खेळणे. लाकडाची बारीक धूळसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत घातली.

झाडातले ते अस्सल, कारखान्यातले ते नकली.

भेसळीचा अनुभव घेतलेल्या ग्राहकाला असे वाटले तर नवल नाही. पण रेणूला जन्मस्थान आठवत नाही. व्हॅनिलाच्या शेंगेतले व्हॅनिलिन १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी सूचिपर्णी झाडाच्या रसातल्या कोनिफेरिनपासून बनवले. आजही नॉर्वेत स्प्रूसच्या लाकडातल्या लिग्निनपासून ते तयार होते. तिन्ही ठिकाणी अणूंची मांडणी तीच. कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून शेंग, लाकूड की खनिज तेल, हे ओळखता येते, पण शरीराला त्याने फरक पडत नाही. शेंगेचा स्वाद वेगळा लागतो तो तिच्यातल्या इतर शेकडो द्रव्यांमुळे. औषधात तर बदललेला रेणूच अनेकदा सरस ठरतो. कॅम्प्टोथेसिनला पाण्यात विरघळणारे गट जोडून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन तयार झाली. पहिले जपानमध्ये १९९४ मध्ये मान्य झाले, दुसरे अमेरिकेत १९९६ मध्ये. झाडातले मूळ द्रव्य जिथे अडखळले, तिथून ही औषधे पुढे गेली.

औषध हवे, तर झाड तोडावेच लागणार.

द्रव्य गाभ्यात किंवा सालीत असेल तर दुसरा मार्ग दिसत नाही, हे खरे. टॅक्सॉलच्या बाबतीत तेच घडले. त्याची रचना वॉल आणि वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून एक किलो औषधासाठी हजारो किलो साल लागे, आणि साल काढलेला यू मरतो. १९९२ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली तेव्हा झाडे पुरणार नाहीत हे उघड होते. पण रेणूची रचना माहीत होती, म्हणून त्याचा मोठा भाग तयार स्वरूपात कुठे मिळेल, हे शोधता आले. तो युरोपियन यूच्या पानांत मिळाला. पाने खुडली तरी पुन्हा फुटतात. त्या भागाला उरलेला तुकडा प्रयोगशाळेत जोडला की टॅक्सॉल तयार होते. पुढे यूच्या पेशी टाक्यांत वाढवूनही ते मिळू लागले.

नरक्याचा मार्गही हाच असायला हवा. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या जंगलपट्ट्यात तोडलेल्या नरक्याचे साठे वनखात्याने वेळोवेळी पकडले आहेत. त्या लाकडाला जागेवर जो भाव मिळतो तो औषधाच्या किमतीच्या मानाने नगण्य, आणि झाड मुळासकट गेले तर पुढच्या वर्षी तोही नाही. नरक्या बुंध्यापासून पुन्हा फुटतो. लागवड करून, बुंधा राखून, कोणत्या झाडात द्रव्य जास्त आहे हे मोजून केलेली तोड आणि जंगलातली सरसकट कत्तल, या दोन्हींत फरक पडतो तो मोजमापाने. द्रव्य वेगळे काढून त्याची ओळख पटवण्याचे किचकट काम रुग्णासाठी होतेच, पण झाड उभे ठेवण्याचे पर्यायही त्याच कामातून निघाले. अफवेला यांपैकी एकही पर्याय सापडलेला नाही.